चामलोंग श्रीमुआंग : बँकॉकचे गव्हर्नर म्हणून त्यांचे मोजमाप कसे करावे?

पूर्वदिशा
आग्नेय आशियातील शहरांच्या कारभाराविषयी वाचताना एका माणसापाशी येऊन मी सारखा थबकतो आहे, म्हणून हा धागा काढतो. मेजर जनरल चामलोंग श्रीमुआंग हे नोव्हेंबर १९८५ पासून जानेवारी १९९२ पर्यंत बँकॉकचे लोकनियुक्त गव्हर्नर होते. त्यांचा जन्म ५ जुलै १९३५ रोजी चाओ फ्राया नदीच्या पश्चिमेकडील थोनबुरीत, गरीब घरात झाला. वडील चिनी स्थलांतरित होते आणि मुलगा तान्हा असतानाच ते गेले. आईने कष्ट करून त्याला वाढवले. चुलाचोमक्लाओ लष्करी अकादमीतील शिक्षण, लाओस आणि व्हिएतनाममधील कामगिरी, अमेरिकेतील मॉन्टेरे येथे पदव्युत्तर अभ्यास आणि १९८० मध्ये पंतप्रधान प्रेम तिनसुलानोन यांचे सचिवपद, असा हा चढता आलेख आहे. पुढच्याच वर्षी, गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकाला विरोध म्हणून, त्यांनी ते पद सोडले.

१९८५ मध्ये कोणत्याही मोठ्या पक्षाचा आधार नसताना ते चार लाखांहून अधिक मते घेऊन निवडून आले आणि १९९० मध्ये तर सात लाखांच्या वर मते मिळवून पुन्हा आले. त्यानंतरचे आयुष्य मात्र सगळे आंदोलनांत, उपोषणांत आणि न्यायालयांत गेलेले दिसते. चामलोंग यांचे नाव निघाले की लोक १९९२ चा गोळीबार किंवा २००८ ची विमानतळबंदी आठवतात. सहा वर्षे त्यांनी चालवलेले शहर कोणाला आठवत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की नंतरचा सगळा गदारोळ बाजूला ठेवून केवळ शहराचा कारभारी म्हणून त्यांच्याविषयी काय म्हणता येईल? आणि तसे बाजूला ठेवणे मुळात शक्य आहे का?

जुना_पारावरचा
शक्य नाही. पुढचे वाचून मग सविस्तर लिहीन.

मुळामुठा
एक खुलासा आधी व्हावा. आपल्याकडे गव्हर्नर म्हटले की राजभवन डोळ्यांपुढे येते. बँकॉकचा गव्हर्नर म्हणजे महापौर आणि आयुक्त यांचे अधिकार एकाच निवडून आलेल्या माणसाकडे, असे समजावे. थायलंडच्या उरलेल्या ७६ प्रांतांचे गव्हर्नर गृहमंत्रालय नेमते. आपला गव्हर्नर मतदानाने निवडण्याचा अधिकार फक्त बँकॉककरांना आहे, आणि तोही नेहमी नव्हता. १९७५ मध्ये पहिली निवडणूक झाली, निवडून आलेल्या थम्मनून थिएन-न्गर्न यांना १९७७ मध्ये हटवण्यात आले आणि मग १९८५ पर्यंत पुन्हा नेमणुकाच चालू राहिल्या. म्हणजे चामलोंग जिंकले ती बँकॉकच्या इतिहासातील केवळ दुसरी निवडणूक होती, हे लक्षात ठेवले तर त्या चार लाख मतांचे वजन कळते.

निळी_शाई
पूर्वदिशा, धाग्याबद्दल आभार. मुळामुठा यांच्या माहितीला जोड म्हणून सांगते, की हा गव्हर्नर निवडून येतो खरा, पण त्याच्या हातात फारसे काही नसते. वाहतूक पोलीस त्याच्याकडे नाहीत. शहर बससेवा परिवहन मंत्रालयाच्या अखत्यारीत, भुयारी मेट्रो वेगळ्या प्राधिकरणाकडे, वीज आणि पाणी यांची स्वतंत्र सरकारी मंडळे. उरतो तो कचरा, गटारे, पदपथ, उद्याने, पालिकेच्या शाळा आणि रुग्णालये. अशा पदावर बसलेल्या माणसाकडे अधिकार कमी आणि डोळे मात्र सगळ्यांचे. मला वाटते, चामलोंग यांना हे फार लवकर कळले होते, आणि म्हणून त्यांनी स्वतःच्या राहणीलाच कारभाराचे साधन बनवले.

ती राहणी अशी होती : कॉलर नसलेला, निळीत रंगवलेला शेतकऱ्याचा सदरा, बारीक कापलेले केस, दिवसातून एकदाच शाकाहारी जेवण, पत्नीसह पाळलेले ब्रह्मचर्य आणि जमिनीवर झोप. पगार दान. पाच वाडगे पाण्यात आंघोळ उरकतात म्हणून लोकांनी ‘पाच वाडगेवाले चामलोंग’ असे नावच पाडले होते. ज्या शहरात पालिकेचे कंत्राट म्हणजे टक्केवारी हे गृहीत धरले जात होते, तेथे या माणसाला लाच देऊ करायची कशाची, हाच प्रश्न होता. खालचा अधिकारी पैसे खाताना निदान दहा वेळा विचार करी, हा त्या राहणीचा प्रशासकीय उपयोग होता, आणि तो मी कमी लेखणार नाही.

टिवल्याबावल्या
पाच वाडगे म्हणजे चैनच म्हणायची. आमच्या सोसायटीत मे महिन्यात तीन तांब्यांत भागवणारे आहेत, त्यांना अजून कोणी गव्हर्नर केलेले नाही.

चौकस_बाई
निळी_शाई यांच्या प्रतिसादातील ‘कारभाराचे साधन’ हे शब्द पटले नाहीत. ती राहणी साधन नव्हती, श्रद्धा होती. चामलोंग हे शांती अशोक या पंथाचे अनुयायी. बोधिरक्ष या भिक्षूने तो काढला आणि थायलंडच्या अधिकृत भिक्षुसंघाशी उघड फारकत घेतली. दारू नाही, मांस नाही, जुगार नाही, मंदिरांत पैसा ओतून पुण्य विकत घेणे नाही, अंगमेहनत करा आणि गरजा कमी करा, असा त्यांचा कडक बाणा. १९८९ मध्ये संघाने बोधिरक्ष यांना चीवर उतरवण्याचा आदेश दिला, आणि तो वाद चामलोंग यांच्या राजकारणालाही चिकटला, कारण १९८८ मध्ये त्यांनी काढलेल्या पलांग धम्म पक्षाचे बरेच कार्यकर्ते याच पंथातून आलेले होते. पक्षात पुढे दोन तट पडले : एका बाजूला देवळातून आलेले, दुसऱ्या बाजूला धंद्यातून आणि नोकरशाहीतून आलेले. गव्हर्नर म्हणून चामलोंग या दोघांचाही तोल सांभाळू शकत होते, कारण गटार साफ करायला पंथ लागत नाही.

शाकाहारी_प्रवासी
थोडे अवांतर होईल, पण संबंध आहे. बँकॉकमध्ये शाकाहारी मराठी माणसाचे किती हाल होतात हे जो गेला त्यालाच ठाऊक. भाजी मागितली तरी वरून माशाचा सॉस पडतोच. चातुचाक बाजाराजवळ शांती अशोकवाल्यांचे एक उपाहारगृह होते, आणि प्रवासी लोक त्याला सर्रास चामलोंग यांचे हॉटेल म्हणत. मी तेथे जेवलो आहे. लाल तांदळाचा भात, मशरूम आणि टोफूचे दोन-तीन प्रकार, सगळे इतक्या स्वस्तात, की आपण हिशोबात काही विसरलो की काय अशी शंका यावी. वाढणाऱ्या बाईंच्या अंगात तोच निळा सदरा होता, पायांत काही नव्हते, आणि जेवण झाल्यावर ताट आपले आपण विसळून ठेवायचे. राजकारणी माणसाच्या नावाशी जोडलेल्या जागी कोठेही त्याचे छायाचित्र नसणे, हेही मला नवीन होते.

जुना_पारावरचा
आता सविस्तर लिहितो. येथे जे साधुत्वाचे चित्र रंगते आहे, त्यात दोन गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली, ६ ऑक्टोबर १९७६. त्या दिवशी थम्मसात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली आणि तिच्या आधी उजव्या गटांनी शहरभर विद्यार्थ्यांविरुद्ध वातावरण तापवले होते. चामलोंग त्या वेळी लष्करी अधिकारी होते आणि उजव्या गटांच्या जमावाशी त्यांचा संबंध होता, हा आरोप १९८८ च्या निवडणुकीत जोरात गाजला. त्यांच्या चाहत्यांना तो प्रसंग कधीच आवडत नाही.

दुसरी, ते गव्हर्नर झाले तरी लष्करी गोटातून कधी पूर्ण बाहेर पडलेच नाहीत. अकादमीच्या सातव्या तुकडीतील ‘तरुण तुर्क’ अधिकाऱ्यांपैकी ते एक. याच गटाने प्रेम यांना १९८० मध्ये सत्तेवर येण्यास हातभार लावला आणि याच गटाने एप्रिल १९८१ मध्ये प्रेम यांच्याविरुद्ध फसलेला उठाव केला. त्यांची जुनी स्पर्धा पाचव्या तुकडीशी, म्हणजे १९९२ मध्ये पंतप्रधान झालेले जनरल सुचिंदा क्राप्रायून यांच्या तुकडीशी होती. १९९२ मध्ये लोकशाहीसाठी जो लढा झाला तो खराच होता, त्यात माणसे मेली. पण नेत्यांच्या पातळीवर पाचवी आणि सातवी तुकडी समोरासमोर होत्या, हे विसरून त्या लढ्याचा अर्थ लागत नाही.

निळी_शाई
जुना_पारावरचा, १९७६ विषयी तुमचे म्हणणे नाकारत नाही. तुकड्यांच्या स्पर्धेबाबत मात्र असे म्हणेन, की मे १९९२ मध्ये बँकॉकच्या राजदम्नेन रस्त्यावर आलेल्या लाखभर लोकांना कोण कोणत्या तुकडीचा याच्याशी काडीचेही घेणे नव्हते. ते कचेऱ्यांतले, बँकांतले, दुकानदारीतले लोक होते. हातात मोबाइल फोन होते म्हणून वर्तमानपत्रांनी त्या जमावाला तेच नाव दिले. हाच वर्ग मार्च १९९२ च्या निवडणुकीत चामलोंग यांच्यामागे उभा राहिला आणि राजधानीतील ३५ पैकी ३२ जागा पलांग धम्मला मिळाल्या. सहा वर्षे ज्यांच्या दारातला कचरा वेळेवर उचलला गेला, त्यांनीच ही पावती दिली, असे मी मानते.

मुळामुठा
नव्या वाचकांसाठी १९९२ चा क्रम नोंदवतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये लष्कराने पंतप्रधान चातिचाई यांचे सरकार उलथवले. मार्च १९९२ मध्ये निवडणूक झाली आणि ७ एप्रिलला, आपण पंतप्रधान होणार नाही असे आधी सांगणारे जनरल सुचिंदा हेच, खासदार नसताना, पंतप्रधान झाले. चामलोंग यांनी ४ मे रोजी आमरण उपोषण जाहीर केले आणि ९ मे रोजी ते सोडले. १७ मेला सनाम लुआंग मैदानावरून मोर्चा निघाला, फान फा पुलापाशी तो अडवला गेला आणि रात्री गोळीबार सुरू झाला. १८ मेला चामलोंग यांना भर रस्त्यात अटक झाली. डांबरी रस्त्यावर बसलेले चामलोंग, भोवती बंदुका रोखलेले सैनिक आणि अंगावर तोच निळा सदरा, हे छायाचित्र तेव्हा जगभर छापून आले. २० मेच्या रात्री राजा भूमिबोल यांनी सुचिंदा आणि चामलोंग यांना समोर बसवून समज दिली. दोघेही गालिच्यावर गुडघे मोडून बसलेले होते आणि हे दृश्य दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आले. २४ मेला सुचिंदा यांनी राजीनामा दिला. सरकारी आकड्यानुसार ५२ माणसे मेली, आणि बेपत्ता झालेल्या अनेकांचा पत्ता त्यानंतरही लागला नाही.

टिवल्याबावल्या
उपोषणाचा विषय आलाच आहे, तर आता कोणीतरी राळेगणसिद्धीचे नाव काढणार. त्यासाठी वेगळा धागा आधीच आहे आणि तो चारशे प्रतिसादांनंतर भांडणे होऊन बंद पडलेला आहे, एवढी आठवण करून देतो.

चौकस_बाई
टिवल्याबावल्या यांची सूचना मान्य.

‘आमरण’ म्हणून जाहीर केलेले उपोषण पाच दिवसांनी सोडणे हे त्यांच्या विरोधकांनी कधी विसरू दिले नाही. त्याहून जिव्हारी लागलेला ठपका म्हणजे, चामलोंग यांनी लोकांना मरायला नेले. १७ मेच्या रात्री गर्दी मैदानावरच थांबवायची की पंतप्रधानांच्या सरकारी कचेरीकडे न्यायची, हा निर्णय त्यांचा होता, आणि विरोधी पक्षांतील इतर पुढारी त्याबाबत साशंक होते. सप्टेंबर १९९२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा बँकॉकमधील पलांग धम्मच्या जागा ३२ वरून २३ वर आल्या, डेमोक्रॅट पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि च्वान लीकपाई पंतप्रधान झाले. गोळ्या झाडणारे लष्कर होते, हे कोणीही नाकारत नाही. पण शहराचा माजी कारभारी म्हणून ज्याला त्या रस्त्याचा प्रत्येक पूल आणि प्रत्येक गल्ली ठाऊक होती, त्याने अंधारात एवढा जमाव तिकडे वळवला, याचे उत्तर त्याच्याकडूनच मागितले जाणार.

समुद्रशोध
सहज आठवले म्हणून : १९९२ चा मॅगसेसे पुरस्कार शासकीय सेवेच्या गटात चामलोंग यांना मिळाला, आणि त्याच वर्षी कलागटातील मानकरी आपले पंडित रविशंकर होते. पुरस्कार गव्हर्नर म्हणून केलेल्या कामासाठी होता, आंदोलनासाठी नव्हे. पूर्वदिशा यांच्या मूळ प्रश्नाला हा एक उपयोगी पुरावा ठरावा.

अडकलेला_प्रवासी
माझा अनुभव २००८ चा आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कामानिमित्त बँकॉकला होतो आणि २५ तारखेला पिवळे सदरे घातलेल्या आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला. हॉटेलच्या दिवाणखान्यात दूरचित्रवाणीवर जे दिसत होते ते चमत्कारिक होते : निर्गमन कक्षात चटया अंथरून आजीबाई बसलेल्या, हातांत प्लास्टिकचे टाळ्या वाजवायचे पंजे, एका बाजूला भाताच्या डब्यांचे वाटप आणि मंचावर अखंड भाषणे. परतीची सोय अखेर पट्टायाजवळच्या उ-तापाओ या नौदलाच्या धावपट्टीवरून झाली. तेथे एवढ्याशा इमारतीत हजारो माणसे, सामान तपासायला मोजकी यंत्रे आणि बाहेर उन्हात बसगाड्यांची रांग. माझ्या शेजारी बसलेले बँकॉकचे एक वयस्क गृहस्थ मंचावरच्या चामलोंग यांचे चित्र पाहून म्हणाले, की या माणसाला मी दोनदा मत दिले आहे. पुढे ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

जुना_पारावरचा
अडकलेला_प्रवासी यांच्या प्रतिसादाने मूळ मुद्दा समोर आला. पुढे पंतप्रधान झालेल्या थाकसिन शिनावात यांना राजकारणात आणले कोणी? चामलोंग यांनीच. १९९४ मध्ये पलांग धम्मच्या कोट्यातून थाकसिन परराष्ट्रमंत्री झाले, १९९५ मध्ये पक्षाचे प्रमुख झाले आणि उपपंतप्रधान म्हणून बँकॉकची वाहतूक सहा महिन्यांत सोडवतो अशी घोषणा करून बसले. (ती कोंडी कोणी सोडवली असल्यास त्याने येथे लिहावे.) त्याच थाकसिन यांच्याविरुद्ध २००६ मध्ये चामलोंग रस्त्यावर उतरले, सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९९२ मध्ये लष्करी पंतप्रधान नको म्हणून उपाशी बसलेले चामलोंग लष्कराने नेमलेल्या विधिमंडळात सदस्य म्हणून बसले. २००८ मध्ये पुन्हा निवडून आलेले सरकार त्यांना मान्य नव्हते, म्हणून आधी पंतप्रधानांची सरकारी कचेरी आणि मग विमानतळ ताब्यात घेतला. विमानतळ कंपनीला ५२ कोटी बाटच्या वर भरपाई देण्याचा निकाल या आंदोलनाच्या नेत्यांवर लागला. सरकारी कचेरीच्या ताब्याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा कायम केली आणि वयाच्या ८३ व्या वर्षी ते तुरुंगात गेले. मे महिन्यात राजमाफीने सुटले.

आता हे सगळे त्या पाच वाडग्यांपासून वेगळे कसे काढणार? स्वतः निर्मळ असल्याची पक्की खात्री असलेल्या माणसाला, मतदारांनी दुसऱ्याला निवडले तर मतदारच भुलले असे वाटू लागते. गव्हर्नर असताना ही खात्री ठेकेदारांच्या विरोधात कामाला आली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निळी_शाई
हे वाक्य चांगले लिहिले आहे, पण संपूर्ण पटत नाही. मधला एक धागा तुम्ही गाळलात. २००५ मध्ये बिअर बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे समभाग थाई शेअरबाजारात येऊ नयेत म्हणून त्यांनी आंदोलन केले, आणि कंपनीला अखेर सिंगापूरला जावे लागले. त्यात सत्ता नव्हती, निवडणूक नव्हती, लष्कर नव्हते. दारू वाईट एवढाच मुद्दा होता. माणूस सरळ रेषेत चालणारा आहे. देश वळणावर वळणे घेत राहिला, आणि म्हणून तो कधी लोकशाहीच्या बाजूला तर कधी विरुद्ध बाजूला उभा दिसतो.

जुना_पारावरचा
लष्कराने नेमलेल्या सभागृहातली खुर्ची सरळ रेषेत लागत नाही, ताई. तिथे वळूनच जावे लागते.

निळी_शाई
हे मान्य करावे लागेल.

मुळामुठा
मूळ प्रश्नाकडे येतो. शहरासाठी राहिले काय? स्कायट्रेन म्हणून जी उन्नत रेल्वे पर्यटक वापरतात, तिची जुळवाजुळव बँकॉक पालिकेने चामलोंग यांच्याच काळात सुरू केली. केंद्र सरकारची महामंडळे एकमेकांच्या पायांत पाय घालत असताना पालिकेने स्वतःच्या अधिकारात, सरकारी तिजोरीतून पैसा न घेता, खासगी कंपनीला मार्ग बांधण्याचा आणि चालवण्याचा हक्क देऊन हा तोडगा काढला. करारावर सही झाली एप्रिल १९९२ मध्ये, म्हणजे चामलोंग यांनी पद सोडल्यानंतर; त्यांच्या जागी त्यांचेच उपगव्हर्नर, वास्तुविशारद कृष्दा अरुणवोंग आले; प्रत्यक्ष गाडी धावली ५ डिसेंबर १९९९ रोजी. पाच वाडग्यांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण हा प्रकल्प त्यांच्या नावावर कोणी मांडत नाही. अर्थात त्याच मार्गाच्या वाढीव टप्प्यांच्या देण्यांवरून पालिका पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांत अडकली, हेही नोंदवले पाहिजे.

समुद्रशोध
आणि २०२२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आलेले चाचार्ट सित्तीपन? तेही स्वतंत्र उभे राहिले, १३ लाख ८६ हजारांवर मते घेतली आणि शहरातील सर्व ५० जिल्ह्यांत पहिले आले. पहाटे धावताना तुंबलेली गटारे दाखवणारा, नागरिकांच्या तक्रारी ॲपवर घेऊन त्या निकाली काढणारा हा स्थापत्य अभियंता चामलोंग यांचाच वारस वाटतो.

चौकस_बाई
वारस अर्ध्या बाबतीत. साधी राहणी, पक्षाबाहेरची उमेदवारी आणि गटारांवरची नजर ही परंपरा खरी. पण चाचार्ट २०१४ मध्ये ज्या मंत्रिमंडळात परिवहनमंत्री होते ते यिंगलक शिनावात यांचे, म्हणजे थाकसिन यांच्या बहिणीचे, आणि २२ मे २०१४ च्या लष्करी उठावात ताब्यात घेतलेल्यांत तेही होते. बरोबर आठ वर्षांनी, २२ मे २०२२ रोजी, बँकॉकने त्यांना निवडले. चामलोंग ज्या बाजूला गेले, तिच्या समोरच्या बाजूने हे आले.

पूर्वदिशा
सर्वांचे आभार. मुळामुठा यांचा स्कायट्रेनचा मुद्दा आणि निळी_शाई यांनी सांगितलेले गव्हर्नरच्या अधिकारांचे तोकडेपण ही दोन उत्तरे मला हवी होती. जुना_पारावरचा म्हणतात तसे माणसाचे दोन तुकडे करता येत नाहीत, हे मान्य आहे. तरी बँकॉकच्या मतदारांना शहराचा हिशोब वेगळा मांडता येत होता असे मला वाटते. २ जून १९९६ रोजी चामलोंग पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. सदरा तोच, राहणी तीच, लाच घेतल्याचा आरोप तेव्हाही कोणी केला नाही. त्यांचेच जुने सहकारी कृष्दा हेही त्यांच्याविरुद्ध उभे होते. निवडून आले ते पर्यावरणाचे काम केलेले भिचित रत्ताकुल, आणि चामलोंग दुसरे आले. थाकसिनविरोधी आंदोलन तेव्हा दहा वर्षे दूर होते, विमानतळ तर बांधूनही झालेला नव्हता. मग त्या दिवशी बँकॉकने त्यांना कशासाठी नाकारले असेल? १९९२ च्या मृतांसाठी, गव्हर्नरपद अर्ध्यावर टाकून संसदेत गेल्याबद्दल, की तुंबलेल्या वाहतुकीला साधेपणाने फरक पडत नाही हे कळून चुकल्यामुळे?

जुना_पारावरचा
मधले कारण. कारभारी म्हणून पुन्हा निवडलेला माणूस दोन वर्षांत सोडून गेला, हे शहरे लक्षात ठेवतात. बाकीच्या दोन कारणांवर उद्या लिहितो.